मंथली ते लुक्ला: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की आमच्याकडे फोन सुरू होतात. ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेली मंडळी असतात. कुणी ठाण्याचं, कुणी नाशिकचं, कुणी न्यू जर्सीहून येऊन पुण्याच्या भावंडांबरोबर जाणारं. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, ते रामेछापचं विमान किती वेळाचं?" हे विमान नेपाळात मंथलीहून लुक्लाला जातं, आणि लुक्लाहून बेस कॅम्पची पायवाट सुरू होते. उत्तर एका ओळीचं आहे. पण त्या एका ओळीवर विसंबून ज्यांनी परतीची तिकिटं काढली, त्यांचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. म्हणून दरवर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलंय.

रामेछाप आणि मंथली हे एकच की वेगळे?

तुमच्या कामापुरतं एकच. तिकिटावर रामेछाप छापलेलं असतं, विमानतळ मात्र मंथली गावात, तामाकोशी नदीच्या काठाला आहे. रामेछाप हे जिल्ह्याचं नाव. त्याच नावाचा जुना बाजार वर डोंगरावर आहे, तिथे विमानतळ नाही. गाडीवाल्याशी बोलताना 'मंथली' म्हणा, घोळ होणार नाही.

मंथली ते लुक्ला हवाई अंतर किती?

सरळ रेषेत सुमारे ७४ किलोमीटर, म्हणजे वैमानिक मोजतात तसे ४० सागरी मैल. अंदाज यावा म्हणून सांगतो: पुण्याहून महाबळेश्वर सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर भरतं. तेवढंच. फरक एवढाच, की मंथली समुद्रसपाटीपासून ४७४ मीटरवर आहे आणि लुक्ला २,८४५ मीटरवर. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून तिच्याच डोक्यावर आणखी बाराशे मीटर चढा, म्हणजे लुक्लाची धावपट्टी लागेल.

वेगवेगळ्या ठिकाणी हा आकडा थोडा मागेपुढे दिसतो. कुणी काठमांडू ते लुक्ला अंतर देतं, ते सुमारे १३५ किलोमीटर आहे. कुणी विमानाचा प्रत्यक्ष वळणावळणाचा मार्ग मोजतं. डोंगरात सरळ रेष नकाशावर असते, विमान ती अगदी काटेकोर पाळत नाही.

मग विमानाला वेळ किती लागतो?

हवेत १५ ते २० मिनिटं. दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत धरलं तर २५ मिनिटं धरा.

हिशेब बघा. या मार्गावरची छोटी विमानं तासाला २८० ते ३०० किलोमीटरच्या आसपास जातात. त्या वेगाने ७४ किलोमीटर कापायला १५-१६ मिनिटं पुरतात. पण हा वेग सपाटीवरून सरळ जाताना मिळतो, आणि इथे सपाटी नावाचा प्रकारच नाही. मंथलीहून उडालं की विमानाला चढायचंच असतं. दोन्ही विमानतळांना जोडणारी रेष नकाशावर ओढून पाहिली तर ती जवळजवळ बरोबर लामजुरा खिंडीवरून जाते. ही खिंड ३,५३० मीटरवर आहे आणि मंथलीपासून ४५-५० किलोमीटरवर. म्हणजे निघाल्यापासून दहाएक मिनिटांत विमानाने तीन किलोमीटरहून जास्त उंची कमावलेली असली पाहिजे. मिनिटाला तीनशे मीटर. कळसूबाईला बारी गावातून वर जायला आपल्याला अडीच-तीन तास लागतात. तेवढी चढाई इथे तीन मिनिटांत उरकते. चढताना वेग मार खातो, आणि वाचलेली मिनिटं तिथे खर्ची पडतात.

लामजुरा ओलांडली की पुढे दूधकोशीचं खोरं उघडतं आणि लगेच उतरायची तयारी. खिडकीतून फोटो काढायला फोन हातात घेईपर्यंत लुक्ला समोर असतं.

परत येताना कमी वेळ लागतो का?

दोन-चार मिनिटं कमी. उतारच आहे.

तिकिटावर पोहोचण्याची वेळ निघण्याच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने पुढची आहे, आणि तुम्ही १५ मिनिटं म्हणता!

वेळापत्रकात धावपट्टीपर्यंत जाणं, थांबणं, उतरल्यावर कडेला लावणं हे सगळं धरलेलं असतं. शिवाय आणखी एक गंमत लक्षात ठेवा: नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. कित्येकांचं मनगटी घड्याळ भारतीय वेळेवर आणि फोन नेपाळी वेळेवर असतो. मंथलीला विमानात बसताना घड्याळ बघायचं आणि लुक्लाला उतरून फोन बघायचा, म्हणजे प्रवास हमखास दुप्पट वेळाचा निघतो. आमच्या एका काकांनी यावरून विमान कंपनीच्या माणसाशी वादही घातला होता. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की तक्रार नेमकी कशाची आहे.

काठमांडूहून थेट लुक्लाला विमान नाही का?

आहे. ते ३० ते ३५ मिनिटांचं. पण ज्या महिन्यांत तुम्हाला जायचं असतं, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा बहुतेक उड्डाणं मंथलीहून होतात.

कारण साधं आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. त्यावर दिल्ली, दोहा, दुबईची मोठी विमानं आणि देशातली छोटी विमानं एकाच रांगेत. लुक्लाची हवा सकाळचे काही तासच उघडी असते, आणि नेमक्या त्याच तासांत काठमांडूवर गर्दी असते. वीस आसनी विमान रांगेत ताटकळत राहिलं तर पहिली फेरी होईपर्यंतच लुक्ला बंद. मंथलीहून तेच विमान निम्म्या अंतरावर असल्यामुळे एका सकाळी जास्त फेऱ्या मारतं. २०१९ मध्ये काठमांडूची धावपट्टी दुरुस्तीला काढली तेव्हापासून हंगामात मंथलीची वाट धरायची पद्धत पडली, ती सुटली नाही.

विमान कंपनीच्या बाजूने पाहिलं तर शहाणपणाचं आहे. आपल्या बाजूने पाहिलं तर पुढचा प्रश्न वाचा.

काठमांडूहून मंथली किती लांब?

रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर. हंगामात रस्ता बरा असेल तर चार-पाच तास. पंधरा मिनिटांच्या विमानासाठी पाच तासांचा रस्ता: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

पहाटेचं विमान असल्यामुळे बहुतेक गाड्या काठमांडूहून रात्री एक-दोन वाजता निघतात. काठमांडूतल्या थामेलच्या अंधाऱ्या गल्लीत हेडलॅम्प लावलेली दहा-बारा माणसं डफल बॅगांवर बसलेली, गाडीच्या टपावर सामान चढतंय, कुणीतरी पासपोर्ट हॉटेलच्या काउंटरवर विसरलेला: हे दृश्य दरवेळी तेच. बनेपा, धुलिखेल मागे पडलं की बीपी राजमार्ग लागतो. नेपाळचे माजी पंतप्रधान बी. पी. कोइराला यांच्या नावाचा, जपानच्या मदतीने बांधलेला हा रस्ता. अरुंद आहे आणि वळणं अशी की जेवण बेताचं केलेलं बरं. खुर्कोटला तो सोडून मंथलीकडे वळायचं.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुरात या रस्त्याचा रोशी खोलाच्या काठचा मोठा पट्टा वाहून गेला. त्यानंतर बरेच महिने गाड्या नदीपात्रातल्या तात्पुरत्या वाटेवरून जात होत्या. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गाडीवाल्याला 'रस्ता कसा आहे' एवढं विचारून घ्या आणि तो जे तास सांगेल त्यात एक तास मिळवा.

आमचं मत विचाराल तर रात्रीचा हा प्रवास टाळा. आदल्या दिवशी उजेडात निघा, मंथलीलाच मुक्काम करा. लॉज साधे आहेत, खाली गरम होतं, डास असतात. पण वरच्या थंडीत जाण्याआधी सलग सहा तास झोप मिळते, आणि रात्रभर जागून लुक्लाला उतरलेल्या माणसाचं पहिल्याच दिवशी डोकं धरतं ते उंचीमुळे की जागरणामुळे, हे कोडं सोडवत बसावं लागत नाही.

विमान कोणतं असतं?

तीनपैकी एक: कॅनडाचं ट्विन ऑटर, जर्मन डॉर्नियर २२८ किंवा चेक बनावटीचं लेट ४१०. तिन्ही दोन इंजिनांची, पंख्यांची, वीसेक माणसांच्या आतली. डॉर्नियर आपल्याला अगदी परकं नाही, त्याची आवृत्ती कानपूरला एचएएल बनवते. आत कमरेत वाकून शिरायचं. वैमानिकांच्या आणि तुमच्या मध्ये बऱ्याचदा दारही नसतं, पुढच्या रांगेत बसलात तर समोरच्या काचेतून धावपट्टी त्यांच्याइतकीच तुम्हालाही दिसते. ज्यांना भीती वाटते त्यांनी मागे बसावं. हवाईसुंदरी उडण्याआधी ताटलीतून गोळ्या आणि कापूस फिरवते. गोळी चघळायची, कापूस कानात घालायचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी एक तरी जण कापूस हातात धरून विचारात पडतो.

लुक्लाच्या धावपट्टीबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण ती धावपट्टी कमी आणि घसरगुंडी जास्त आहे. लांबी ५२७ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे, तिच्यात लुक्लाच्या सहा मावतील. आणि ही सपाट नाही. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत ११.७ टक्के चढ आहे. गुणाकार केला तर दोन टोकांच्या उंचीत साठ मीटरचा फरक येतो. वीस मजली इमारतीच्या पायथ्याला उतरून गच्चीवर जाऊन थांबायचं, असं समजा.

तो चढ मुद्दाम वापरलेला आहे. उतरणारं विमान चढावर धावतं, म्हणून पाचशे मीटरमध्ये थांबतं. उडणारं विमान उतारावर धावतं, म्हणून पाचशे मीटरमध्ये वेग घेतं. परिणामी दिशा एकच: उतरायचं खालून वर, उडायचं वरून खाली. वरच्या टोकाला विमानं लावायची छोटीशी जागा आणि तिच्या मागे डोंगर. खालच्या टोकाला कडा, थेट दूधकोशीच्या खोऱ्यात. म्हणजे उतरताना एका ठरावीक बिंदूनंतर 'जमत नाही, पुन्हा वर घेऊन फेरी मारू' हा पर्याय उरत नाही. मुंबईत उतरताना विमान पुन्हा वर उचललेलं बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. इथे त्या बिंदूपलीकडे उतरणं हाच एक मार्ग.

त्यात हवा विरळ. लुक्लाच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट असते. वैमानिकाच्या काट्यावर नेहमीचाच वेग दिसत असला तरी जमिनीच्या हिशेबाने विमान पंधरा टक्के जोरात आलेलं असतं. धावपट्टी लहान, आणि येणं वेगात.

आणि वारा. ऊन चढलं की डोंगर तापतात आणि खोऱ्यातून वर, म्हणजे दक्षिणेकडून, वारा सुटतो. विमानाला उतरताना वारा समोरून हवा असतो, इथे तो पाठीमागून येतो. दिशा बदलता येत नाही, कारण दुसऱ्या बाजूला डोंगर आहे. म्हणून सगळा कारभार सकाळचा. दुपारी लुक्लाच्या धावपट्टीकडे बघत चहा प्यायचा.

ही धावपट्टी बांधली कुणी?

एडमंड हिलरींनी, १९६४ मध्ये. एव्हरेस्टनंतर त्यांनी खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागातल्या, शेर्पांसाठी शाळा आणि दवाखाना उभारायचं काम हाती घेतलं होतं, त्याचं सामान आणायला जवळ विमान उतरायची सोय हवी होती. खालची सपाट शेतं शेतकरी द्यायला तयार नव्हते. कोण देईल? मग ही उताराची जमीन घेतली. माती भुसभुशीत होती, ती दाबायला रोलर कुठला! हिलरींनी गावच्या शेर्पांना रक्षी, म्हणजे तिथली गावठी दारू, पाजून धावपट्टीवर नाच करायला लावला, अशी गोष्ट ते स्वतः सांगत. पुढे २००१ पर्यंत ही पट्टी कच्चीच होती, तेव्हा डांबर पडलं. जानेवारी २००८ मध्ये हिलरी गेले आणि विमानतळाला तेनझिंग-हिलरी असं नाव मिळालं.

१९५३ ची मोहीम अर्थातच चालत गेली होती. काठमांडूच्या खोऱ्यातून एव्हरेस्टच्या वाटेवरच्या थ्यांगबोचे मठापर्यंत त्यांना दोन आठवड्यांहून जास्त लागले.

खिडकी कोणत्या बाजूची घेऊ?

जाताना डावी, येताना उजवी. आसन क्रमांक नसतात, जो आधी चढेल त्याची खिडकी. हिमशिखरं उत्तरेला आहेत, म्हणून हा नियम.

हवा स्वच्छ असेल तर डावीकडे दोन सुळक्यांचा गौरीशंकर दिसतो. हे नाव घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसासमोर काढून बघा. आपल्याकडे जुन्या पिढीतले लोक एव्हरेस्टलाच गौरीशंकर म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या एका मोजणीतल्या घोटाळ्यामुळे दोन्ही शिखरं एकच समजली गेली होती, आणि चूक दुरुस्त झाल्यावरही नाव आपल्या बोलण्यात बराच काळ टिकलं. माझी आजी मी परत आल्यावर विचारत होती, "गौरीशंकर दिसला का रे?" मी हो म्हणालो. दोघांच्याही मनात वेगवेगळा डोंगर होता.

सामान किती नेता येतं?

साधारणपणे एकूण १५ किलो: १० किलो मोठ्या बॅगेत, ५ किलो हातात. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, तिकिटावर बघून घ्या. वजन खरोखर करतात, नजरेने नाही. विमान लहान, हवा विरळ, धावपट्टी आखूड. प्रत्येक किलोचा हिशेब असतो. जाडे बूट आणि सगळ्यात जड जॅकेट अंगावर घालायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. फक्त मंथलीच्या उकाड्यात ते जॅकेट घालून दोन तास बसायची तयारी ठेवा.

चकल्या, लाडू, मेतकूट हे चार दिवसांचं न्या, चौदा दिवसांचं नको. एका ताईंनी तीन किलोचा नुसता फराळ आणला होता. तो मंथलीच्या वजनकाट्याशेजारी उभं राहून, अनोळखी जपानी लोकांसह सगळ्यांनी संपवला.

तिकिटावर सकाळी सहाची वेळ आहे. सहाला निघेल ना?

लुक्ला उघडं असेल तर निघेल.

हे जरा नीट सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. लुक्लाला मोठ्या विमानतळांसारखी ढगातून वाट दाखवणारी यंत्रणा नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसली तरच तो उतरणार. मंथलीवर लख्ख ऊन आहे म्हणून उपयोग नाही. लामजुरा खिंडीत ढग अडकला असेल तर वाट बंद, लुक्लावर ढग असेल तर मुक्काम बंद. दोन्हीकडे उघडं पाहिजे, एकाच वेळी, आणि वारा वाढायच्या आत.

म्हणून तिकिटावरची वेळ हा तुमच्या फेरीचा क्रमांक समजा. तीच तीन-चार विमानं सकाळभर जात-येत असतात. पहिल्या फेरीतले लोक गेले की तीच विमानं परत येणार, मग दुसरी फेरी. सकाळी दोन तास ढग राहिला तर सगळ्यांची फेरी दोन तासांनी सरकते आणि शेवटच्या फेऱ्या दुपारच्या वाऱ्यात सापडून रद्द होतात. रद्द झालेल्यांना दुसऱ्या दिवशी पहिला नंबर मिळतोच असं नाही. दुसऱ्या दिवशीचे तिकीटवाले त्यांच्या जागेवर ठाम असतात. याचा अर्थ एवढाच: तिकीट काढताना पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीचं मागा, त्यासाठी थोडे जास्त गेले तरी.

एके वर्षी आम्ही सलग दोन दिवस मंथलीला बसलो. पहिल्या दिवशी नऊ वाजता सामान चढलं, आम्ही विमानात बसलो, पंखे फिरायला लागले आणि थांबले. वैमानिक मागे वळून म्हणाला, "लुक्ला बंद." उतरलो. समोरच्या टपरीवाल्याने आम्हाला परत येताना पाहिलं आणि न विचारता चहा टाकला.

विमानं सलग किती दिवस बंद राहू शकतात?

साधारणपणे एक-दोन दिवस. पण नोव्हेंबर २०११ मध्ये ऐन हंगामात ढगांमुळे जवळजवळ आठवडाभर लुक्ला बंद होतं आणि दोन हजारांहून जास्त ट्रेकर वर अडकले होते. ज्या महिन्याला आपण 'आकाश स्वच्छ' म्हणतो त्या महिन्यात.

मग किती दिवस राखून ठेवायचे?

कमीत कमी दोन, जमलं तर तीन. आणि ते परतीच्या बाजूला ठेवा. जाताना अडकलात तर ट्रेकचा एखादा दिवस कमी करून भागतं. येताना अडकलात तर काठमांडू-मुंबई विमान तुमच्यासाठी थांबत नाही. लुक्लाहून मंथली, मंथलीहून रस्त्याने काठमांडू आणि त्याच संध्याकाळी मुंबई, असा बेत दर हंगामात कुणीतरी घेऊन येतं. कागदावर बसतो तो बेत. आम्ही वाद घालत नाही, फक्त तिकीट बदलता येण्यासारखं आहे का ते विचारतो.

हे विमान सुरक्षित आहे का? आई परवानगी देत नाहीये.

आईंना खोटं सांगू नका. इथे अपघात झालेले आहेत. ऑक्टोबर २००८ मध्ये धुक्यात उतरताना ट्विन ऑटर धावपट्टीच्या आधीच आदळलं आणि १८ जण गेले, एकटा वैमानिक वाचला. एप्रिल २०१९ मध्ये उडताना एक विमान बाजूला उभ्या हेलिकॉप्टरवर गेलं, तीन जण गेले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं.

दुसरी बाजूही खरी आहे. लुक्लाला उतरवण्याआधी वैमानिकाने आखूड धावपट्ट्यांवरची किमान शंभर उड्डाणं आणि नेपाळमधला वर्षभराचा तसा अनुभव मिळवलेला असावा लागतो, शिवाय प्रशिक्षकाबरोबर दहा वेळा लुक्ला केलेलं असावं लागतं. आणि 'लुक्ला बंद' म्हणून तुम्हाला चिडचिड होईपर्यंत बसवून ठेवतात, ती सुरक्षाच आहे. आम्हाला ढगात विमान रेटणाऱ्या कंपनीपेक्षा तीन वेळा रद्द करणारी कंपनी जास्त आवडते. काउंटरवर जाऊन 'काहीही करून आजच पाठवा' असा तगादा लावणाऱ्या आपल्याच लोकांना मात्र आवरा.

हेलिकॉप्टर घेतलं तर?

विमान बंद असताना कधी कधी हेलिकॉप्टर जातं, कारण त्याला धावपट्टी लागत नाही आणि ढगाच्या फटीतून वाट काढणं त्याला थोडं सोपं. पण त्यालाही दिसावं लागतंच. खर्च कितीतरी पट. पाच-सहा जण मिळून वाटून घेतला तर अडचणीच्या वेळी परवडतं. ट्रेकच्या विम्यात हा खर्च बसत नाही; विमा आजारी माणसाला खाली आणायचा असतो, कंटाळलेल्याला नाही.

विमानच नको असेल तर?

जिरीहून चालत जा, सहा-सात दिवस लागतात. हीच जुनी वाट, आणि विमान ज्या लामजुरा खिंडीवरून उडतं तीच तुम्ही पायी ओलांडता. ज्यांना वेळ आहे त्यांनी आयुष्यात एकदा ही वाट करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

वेळ नसेल तर जीपने सल्लेरी-फाफ्लूकडून. तिथून पुढे जीपचा रस्ता दरवर्षी थोडा थोडा वर सरकतोय, त्यामुळे चालण्याचे दिवस कमी होतायत. फाफ्लूलाही विमानतळ आहे, सुमारे २,४७० मीटरवर. फाफ्लू ते लुक्ला सरळ रेषेत जेमतेम २३-२४ किलोमीटर, म्हणजे विमानाला पाच-सहा मिनिटांचं काम. पायी मात्र दूधकोशीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा चढायचं, दोन-तीन दिवस. याच फाफ्लूला हिलरी दवाखाना बांधत होते. ३१ मार्च १९७५ ला त्यांची पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा त्यांच्याकडे यायला काठमांडूहून निघाल्या आणि विमान उडताच कोसळलं.

मुक्तिनाथसाठी पोखरा ते जोमसोम विमान असंच आहे का?

आकड्यांत जवळपास जुळं: सरळ रेषेत ७० किलोमीटरच्या आसपास, वेळ २० मिनिटं, जोमसोम २,७३६ मीटरवर. वाट वेगळी. हे विमान खिंड ओलांडत नाही, काली गंडकीच्या घळीतून, एका बाजूला धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा ठेवून जातं. डोंगर खिडकीच्या वर दिसतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतला. घळीत वारा रोजचा; अकराच्या सुमारास तो असा सुटतो की विमानं बंदच करावी लागतात.

२९ मे २०२२ ला याच मार्गावर विमान कोसळून २२ जण गेले, त्यांत ठाण्याचं चार जणांचं कुटुंब होतं. ज्येष्ठ मंडळींना घेऊन जात असाल तर पोखरा-जोमसोम रस्ताही आहे. दिवस मोडतो, हाडं खिळखिळी होतात. पण ढगांवर अवलंबून राहावं लागत नाही.

भारतीयांना तिकीट महाग पडतं का? कागदपत्रं काय लागतात?

नेपाळमध्ये देशांतर्गत विमानांचे तीन दर असतात: नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी. भारतीय दर मधला. दर देशानुसार आहेत, भाषेनुसार नाहीत. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या भाच्याचं तिकीट डॉलरच्या दराने, मग तो तुमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलत असला तरी. त्याला व्हिसाही काढावा लागतो, आपल्याला नाही. भारतातून विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड घेऊन विमानतळावर गेलेल्यांना परत पाठवलेलं आहे, फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना त्यात सूट आहे.

वीस मिनिटांत एवढं वर गेल्यावर उंचीचा त्रास होत नाही का?

होऊ शकतो. मंथलीहून लुक्ला म्हणजे एका दमात २,३७० मीटर, आणि अडीच हजार मीटरच्या वर शरीराला सवय लागायला वेळ लागतो. उतरल्यावर आधी बसा, पाणी प्या, जिना असेल तर सावकाश चढा. पहिल्या दिवशी हलकं डोकं दुखणं बऱ्याच जणांना होतं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला तर वर जायचं नाही, खाली उतरायचं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. पहिला मुक्काम फाकडिंगला, आणि ते २,६१० मीटरवर, म्हणजे लुक्लापेक्षाही खाली. तीनेक तासांची वाट, बरीचशी उताराची. त्यामुळे लुक्लाला सकाळी आठला पोहोचलात काय किंवा अकराला, त्या दिवशी फाकडिंग होतं. दुपारी दोननंतर पोहोचलात तर लुक्लालाच राहा.

पण दुपारी दोननंतर तुम्ही पोहोचणारच नाही.